तिथी कोन कोन आहे?

कुणी कसलीही बातमी घेऊन आलं, की गादीवाले चाचा हातातलं दाभण कापडात टोचून ठेवायचे आणि विचारायचे, "तिथी कोन कोन आहे?"

बातमी कसलीही असो. अमक्याचा बैल विहिरीत पडला. तमक्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या. धानाच्या बांधीत वाघ बसलाय. दुसरा कुणी विचारील, बैल कसा पडला, कितवा महिना, वाघ केवढा. चाचांना त्यातलं काही नको असायचं. पुरेशी माणसं आहेत असं कळलं की ते दाभण पुन्हा उचलायचे. नाहीत असं कळलं की अंगावरचा कापूसही न झटकता उठून चालू लागायचे. वाघाच्या बातमीवर ते एकदा असेच निघाले होते. तिथं वाघ आहे याची मी आठवण करून दिली.

"तो तं आहेच जी," ते म्हणाले, "मानूस कोन आहे, थे इचारतो मी."

सावली गावात त्यांचं दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. दुकानामागेच त्यांचं आणि चाचीचं घर. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. त्यांची कापूस पिंजायची मशीन सुरू झाली की माझ्या फळीवरची भांडी थरथरायची आणि मशीन थांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं. चाचा किडकिडीत, उंच. भुवया आणि दाढी बारा महिने पांढरी. ईदच्या दिवशी नमाज पढून आले की कळायचं, दाढी अजून अर्धी काळीच आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला नावानं कुणी हाक मारत नाही. आम्हीही त्यांना कधी तशी हाक मारली नाही. चाचा म्हटलं की सावलीत तेच.

हिवाळा लागला की रजयांचे गठ्ठे घेऊन ते आलापल्लीच्या बाजाराला जात. एका वर्षी तिकडच्या रस्त्यावरच्या पोलीस नाक्यावर त्यांना अडवलं. दिवस वाईट होते, जंगलात नक्षल्यांना कोण काय पुरवतो यावर नजर असायची. शिपायानं विचारलं, "या रजया कोणाला विकता?"

"ज्याले थंडी वाजते त्याले," चाचा म्हणाले.

उत्तर खरं होतं, पण ते तिथं चालण्यासारखं नव्हतं. त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. बसल्या बसल्या त्यांना खोलीतली एक फाटकी गादी दिसली. त्यांनी दाभण काढलं, गादी मांडीवर ओढली आणि टाके घालायला सुरुवात केली. साहेब आले तेव्हा गादी शिवून झाली होती. चाचांना सोडण्यात आलं. निघताना त्याच शिपायानं हळूच विचारलं, पुढच्या खेपेला एक उशी आणाल का? चाचांनी नेली.

ही गोष्ट त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितली नाही. त्या नाक्यावर माणसं चार होती आणि गाद्या तीनच होत्या, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी रुबिना माझी विद्यार्थिनी. डॉक्टर व्हायचं तिनं आठवीतच ठरवलं होतं. इथं थोडक्यात हुकलं, तेव्हा युक्रेनमधल्या खारकीवला जायचं निघालं. यात माझा हात मोठा. मीच नकाशा उघडून बसले, मीच चाचांना समजावलं. नकाशाकडे पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "थंडी किती राह्यते?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पुढचे आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. अशी जाड रजई शिवली की ती घडीच होईना. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा पुस्तकं, लोणचं आणि एक इस्त्री मागे राहिली. रजई गेली.

रुबिना तिसऱ्या वर्षाला होती, तेव्हा ते युद्ध लागलं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मी शाळेला निघाले होते. चाचा दार न वाजवता माझ्या स्वयंपाकघरात आले. तोपर्यंत वीस वर्षांत ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. हातातला फोन त्यांनी एखादं पाखरू धरावं तसा दोन्ही हातांत धरला होता.

"बाई, बोला जी तिच्यासंग. लडाई लागली म्हंते."

फोनवर रुबिना होती. तिथं पहाटेपासून स्फोटांचे आवाज येत होते आणि इमारतीतली सगळी माणसं तळघरात उतरली होती. मी 'घाबरू नकोस' म्हणाले. त्यावर ती अधिकच अडखळू लागली. चाचांनी फोन तोंडाजवळ नेला.

"बेटा, तिथी कोन कोन आहे?"

आणि ती मुलगी एकदम सुरळीत बोलू लागली. तिच्या खोलीतल्या दोघी, एक नागपूरची, एक हैदराबादची. ऐंशीच्या पुढचं एक जोडपं. दोन लहान मुलांची आई. कानानं अजिबात ऐकू न येणारा एक गृहस्थ. आणि हान्ना नावाच्या एक सत्तरीच्या बाई, पूर्वी ट्राम चालवायच्या, आता त्या इमारतीची राखण करायच्या.

"ज्याले ऐकू नाई येत, त्याले आवाज झाला म्हनून कोन सांगते?"

"हान्ना आजींनी पाळी लावली अब्बा. एकानं त्यांच्याजवळ बसायचं. आवाज झाला का हात दाबायचा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई हुशार आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून हान्नाची हन्नाबाई झाली आणि आमच्या बोलण्यात अशी वावरू लागली, जशी ती शेजारच्या व्याहाडची असावी.

रोज फोन येई. बातम्यांतून आम्हाला रणगाडे दिसत आणि फोनवरून तळघर. बातम्यांमुळे माझी झोप गेली होती. चाचा बातम्या पाहत नसत. त्यांना तळघरातली खबर हवी असायची. हन्नाबाईंनी भिंतीवर एक कागद लावला होता. पाणी कुणी आणायचं, मुलांना कुणी खेळवायचं, रोज दोनदा डोकी कुणी मोजायची. भांडणंही होती. जोडप्यातला म्हातारा मेणबत्ती विझवू देत नसे. चाचा हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मशीन सुरू करायच्या आधी चाचीला सांगायचे. चाची ऐकायची. म्हणायची, "थे सगळं ठीक आहे. पोरगी कवा येते?"

सहा-सात दिवसांनी आपल्या सगळ्या मुलांना दूतावासाचा निरोप आला, शहर सोडा, मिळेल ते वाहन धरा, नसेल तर पायी निघा. आम्ही सुटलो म्हणून मी देवापुढे दिवा लावला.

त्याच सकाळी हन्नाबाई पाणी आणायला वर गेल्या आणि अंगणातल्या बर्फावरून घसरल्या.

फोन आला तेव्हा दुकानात आम्ही तिघं होतो. चाचा, चाची आणि मी. रुबिना सांगत होती, त्यांचा एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलंय. रुग्णवाहिका आज येणार नाही म्हणतात. पाय हलू नये म्हणून बांधायला तिच्याजवळ काही नव्हतं.

"रजई आहे ना," चाचा म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. फोन उशीला टेकवला. कपाटातली एक रजई ओढली आणि तिची गुंडाळी कशी करायची ते खारकीवला दाखवलं. "आधी झटक. आता कापूस कोपऱ्याकडून दाब. ढिली नको ठेवू, ढिली राह्यली तं गोळा होते. दोन्ही पायांच्या मधात ठेव. आता बांध. गाठ वरून दे, टोचली नाई पायजे." तिकडून एक म्हातारी ओरडल्याचा आवाज आला, मग थांबला. चाचांच्या कपाळावर घाम होता आणि घामाला कापूस चिकटला होता.

नंतर रुबिना म्हणाली, "अब्बा, सगळे निघून राह्यले. खोलीतल्या दोघी वर दाराशी उभ्या आहेत. मी का करू?"

मी पुढे होऊन म्हणाले, "निघ. आत्ताच्या आत्ता निघ."

चाचांनी हात वर केला. मला तो हात अजून दिसतो. वर्गात पोरं करतात तसा.

"तू गेली तं तिथी कोन कोन राह्यते?"

तिनं सांगितलं. म्हातारं जोडपं. ती आई आणि दोन मुलं. ऐकू न येणारे काका.

"हन्नाबाईले कुशीवर कोन करते?"

"मीच. बाकी कोणाले जमत नाई अब्बा. चुकीचं हलवलं तं हाड आत घुसते."

रस्त्यावरून एक सायकल चेन वाजवत गेली.

"मंग दुसरा मानूस येईपर्यंत थांब," चाचा म्हणाले. "आला का एक मिनिट थांबू नको."

चाचीच्या मांडीवर उशीची खोळ होती. ती तिनं खाली ठेवली, उठली आणि आत निघून गेली.

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हणाले, "चाचा, ती तुमची मुलगी आहे!"

"म्हनून तं मले इचारून राह्यली ना बाई. दुसऱ्याची असती तं मले कायले इचारली असती?"

गावात हे कळायला तासभरही लागला नाही. ज्यांच्या घरात कुणी कधी नागपूरच्या पलीकडे गेलं नव्हतं, तेही येऊन युद्धाबद्दल सांगू लागले. एकानं चाचांना निर्दयी म्हटलं. एकानं वेडे म्हटलं. जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला, परतणाऱ्यांच्या यादीत तुमची मुलगी का नाही? माइक घेऊन एक तरुण आला आणि म्हणाला, "तुम्ही मुलीला युद्धात का ठेवलं?"

"म्या नाई ठेवली," चाचा म्हणाले. "थे तिथीच होती."

तो आणखी काही मिळेल म्हणून माइक धरून उभा राहिला. मग चाचांनी त्याला बसायला गादी दिली.

नागपूरची मुलगी परत आली. हारतुरे झाले. टीव्हीवर तिची आई रडताना दिसली, आणि भिंतीपलीकडून चाचीच्या टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. चाची नवऱ्याशी बोलेनाशी झाली होती. निरोप माझ्याकडून जायचे. "बाई, त्याईले सांगा, जेवन वाढलं आहे." ते समोर दोन फुटांवर बसलेले असायचे. मी सांगायची, "चाचा, जेवण वाढलंय." ते म्हणायचे, "सांगा, येतो." मी भूगोल शिकवून घरी आले की हे दुसरं काम.

चाचा बाहेरून जसेच्या तसे होते. मला मात्र मशीनचा आवाज कळायचा. तोच कापूस ते पुन्हा पुन्हा पिंजत होते. इतका पिंजला की हातात धरवेना, नुसता धूर झाला. त्याची गादी होणं शक्य नव्हतं.

मग एक दिवस फोन आला नाही.

दुपारी चाचा माझ्याकडे आले, या वेळी दाराबाहेर थांबून. म्हणाले, "बाई, थो नकाशा दाखवा." मी पाटावर पसरला. सावलीवर आणि खारकीववर बोट ठेवून दाखवलं. "इथून पायी किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चाचा, पायी नाही जाता येत." त्यांनी पंजा नकाशावर ठेवला. पंज्याखाली तो अख्खा देश झाकला गेला. हात उचलायचं ते विसरून गेले.

"बाई, चुकलं का जी माह्यं?"

मी "हो" म्हणाले. त्या वेळी मला तेच वाटत होतं. ते मान हलवून उठले. नकाशावर कापसाची पाच बोटं राहिली होती, ती मी नंतर फुंकरून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला फोन आला. माणूस आला होता. दोन माणसं, पावाची गाडी घेऊन. एक त्या गाडीचा ड्रायव्हर, दुसरा शाळेत पियानो शिकवणारा. रुग्णवाहिका पुरत नव्हत्या म्हणून शहरातली अशी माणसं आपापल्या गाड्या घेऊन तळघरं धुंडाळत होती. त्यांनी एक दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर रजईसकट हन्नाबाईंना निजवलं आणि पावाच्या फळ्यांमध्ये ठेवून दवाखान्यात नेलं. रुबिनाला त्यांनीच स्टेशनवर सोडलं. पुढे ती दीड दिवस गाडीत उभी होती. सरहद्दीवर आणखी एक दिवस रांगेत.

नागपूरच्या विमानतळावर हारवाले कुणी नव्हते. तोवर ती बातमी जुनी झाली होती. आम्ही तिघंच होतो. रुबिना हातात एक पिशवी घेऊन बाहेर आली. चाचीनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला मिठी मारली आणि मग सोडलीच नाही. चाचा बाजूला उभे होते. मिठी संपल्यावर त्यांनी विचारलं, "रजई कुठी आहे?"

"हन्नाबाईच्या खाली."

"बरं केलं. दवाखान्यातल्या गाद्या पतल्या राह्यते."

एवढं बोलून ते एका खांबामागे गेले. तिथं ते बराच वेळ काहीतरी शोधत होते. काय शोधता, असं आम्ही कुणी विचारलं नाही.

हन्नाबाई वाचल्या. ऑपरेशन झालं, कुबडी आली. त्यांचा मुलगा त्यांना पश्चिमेकडे न्यायला आला होता, पण त्या परत त्याच इमारतीत गेल्या. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. रुबिना असली तर दुभाषी व्हायची. नसली तरी दोघांचं अडत नसे. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, चाचा आमच्या. त्या कागद दाखवायच्या, चाचा शिवलेली गादी दाखवायचे. एकदा तिकडे भोंगा वाजू लागला. हन्नाबाईंनी कॅमेऱ्याकडे बोट करून 'थांब' अशी खूण केली आणि फोन घेऊनच तळघरात उतरल्या. चाचा तासभर तो अंधार पाहत बसून राहिले.

फोन आला की चाची आत जायची. त्या बाईचं तोंड पाहायचं नाही हे तिनं पक्कं केलं होतं. मला म्हणायची, "तिच्यापायी माही पोरगी तिथीच राह्यली असती. तुमी सांगा बाई, कोनाले गोड वाटन?" मी तर चाचीच्याच बाजूची होते.

त्या पावसाळ्यात चाचांनी दुकानाच्या भिंतीवर एक कागद लावला. जुन्या कॅलेंडरची पाठ. आमच्या मोहल्ल्यात कोण एकटं राहतं, कुणाला चालता येत नाही आणि त्याला आणायला कोण जाईल, हे त्यावर रुबिनाच्या अक्षरात लिहिलं होतं. गावावरचा तलाव सांडला की पाणी नाल्यातून थेट आमच्यात येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी लोक हसले.

"चाचा, इथी का बॉम्ब पडून राह्यले का?"

"पानी तं पडते."

माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'शाळेची चावी.' मी म्हटलं, चावी शिपायाकडे असते. ते म्हणाले, "मंग मागून ठेवा." मी चिडून मागून ठेवली.

श्रावणात एका सकाळी दहाच्या सुमारास तलाव सांडला. अर्ध्या तासात पाणी गुडघ्याला आलं. सांगण्यासारखं हे, की कुणी आरडाओरडा केला नाही. ज्यानं त्यानं कागदात आपलं नाव कुठं आहे ते आधीच पाहून ठेवलं होतं. हसणाऱ्यांनी सुद्धा. एकट्या राहणाऱ्या, चालता न येणाऱ्या शेवंताबाई कोंबड्यांशिवाय यायला तयार नव्हत्या. चाचा आणि समोरचे पानठेलेवाले भाऊ यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं, मांडीवर कोंबड्यांची टोपली. नीट धरता येत नाही म्हणून शेवंताबाई वाटभर दोघांना शिव्या देत होत्या.

शाळेच्या दारात चाचांनी मोहल्ल्यातली सगळी डोकी मोजली. एक कमी भरलं. पुन्हा मोजलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कागदावरची सगळी नावं हजर होती.

"अम्मी कुठी आहे?" रुबिना म्हणाली.

चाचांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, खारकीवच्या दिवसांतही नाही. ते पळाले. पानठेलेवाले भाऊ मागून दोर घेऊन गेले. दुकानात पाणी कमरेला लागलं होतं आणि चाची मशीनच्या टेबलावर उभी होती, डोक्यावर कापसाचा गठ्ठा घेऊन. बाकीचा कापूस पाणी पिऊन खाली बसला होता.

दोघं भिजून शाळेत आले तेव्हा चाची बोलत होती आणि अख्खी शाळा ऐकत होती. "साऱ्या गावच्या म्हाताऱ्या लिहिल्या. माहं नाव काऊन नाई लिहिलं?"

"तू तं माह्यासंगच राह्यते," चाचा म्हणाले.

"कुठी राह्यते? तुमी तं शेवंताबाईसंग होते!"

हसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं. चाचा हसले नाहीत. पूर ओसरल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा लावला आणि सगळ्यात वर, रुबिनाच्या सुबक अक्षरांच्या डोक्यावर, स्वतःच्या वाकड्या हातानं चाचीचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'मी.' वर्षभराचा कापूस गेला होता. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, की ओला कापूस किती जड असतो हे उचलल्याशिवाय कळत नाही.

रुबिनाचं शिक्षण दुसऱ्या एका देशात पुरं झालं. इथली परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. आता ती हेमलकशाच्या वाटेवरच्या एका लहान दवाखान्यात असते. चाचा तिच्याकडे महिन्यातून एकदा जायचे, आणि तपासणीच्या खोलीत न जाता बाहेर बाकावर पेशंटांच्या नातेवाइकांत बसायचे. तिकडच्या माडिया आदिवासी बायांशी त्यांचं काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण परत येताना शिवायच्या गाद्यांची मापं घेऊन यायचे.

गेल्या हिवाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, दुकानात बसल्या जागी ते गेले. छातीत कळ आली असणार आणि पाच मिनिटांत संपलं असणार. मशीन चालूच होती. मशीन थांबत का नाही म्हणून मी पाहायला गेले, तेव्हा कळलं.

रुबिना संध्याकाळपर्यंत आली. कब्रस्तानात मिट्टी द्यायला इतकी माणसं होती की सरकारी रस्ता दोन्ही बाजूंनी बंद झाला. आलापल्लीहून लोक आले, नदीकाठच्या खेड्यांतून आले. शेवंताबाईंना लोकांनी खुर्चीतून आणलं होतं. या वेळी त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

रविवारी दुपारी फोन वाजला. रुबिना पुढच्या खोलीत भेटायला आलेल्या बायांत बसली होती. चाची आत, भिंतीला पाठ लावून. मी फोन पाहिला. म्हणाले, "हन्नाबाईंचा आहे. मी रुबिनाला देते."

चाचीनं हात पुढे केला.

पडद्यावर ती म्हातारी दिसली, डोक्याला रुमाल, मागे खिडकीला काचेच्या जागी लाकडाची फळी. चाचांच्या जागी दुसरी बाई पाहून ती थबकली. तिनं नीट पाहिलं, आणि विचारलं, "चाचा?"

चाचीनं नाही अशी मान हलवली. एकदाच.

हन्नाबाईंनी चष्मा काढला. तो हातात धरून त्या बसून राहिल्या. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. मला वाटलं फोन अडकलाय, पण तिकडच्या खिडकीशी एक मांजर हलत होतं.

इतक्या वर्षांत चाचांकडून त्यांना मराठीचे चार-पाच शब्द आले होते, तेही आमच्या सावलीच्या वळणाचे. त्यातला एक त्यांनी शोधून काढला.

"जेवली?"

गुरुवारपासून चाचीनं अन्नाला हात लावला नव्हता. आम्ही सगळ्यांनी विनवण्या करून पाहिल्या होत्या. तिनं फोनकडे पाहिलं. "नाई," ती म्हणाली.

हन्नाबाई उठल्या. कुबडीचा आवाज दूर गेला, मग जवळ आला. त्यांनी एका वाडग्यात काहीतरी वाढून आणलं होतं, सोबत पावाचा तुकडा. वाडगा समोर ठेवून त्या बसल्या, आणि खायला सुरुवात न करता कॅमेऱ्याकडे पाहत थांबल्या.

चाचीनं फोन भिंतीला टेकवून उभा केला.

"बाई," ती मला म्हणाली, "मले बी वाढा."